रीमॅपनंतर घाटात टकटक: खरं नॉकिंग ओळखायचं कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. २०२१ ची फोक्सवॅगन पोलो, १.० टीएसआय (तीन सिलिंडरचं टर्बो पेट्रोल इंजिन), मॅन्युअल, ४८ हजार किलोमीटर झालेली. सहा महिन्यांपूर्वी स्टेज वन रीमॅप (ईसीयू म्हणजे इंजिनाच्या संगणकातली ‘फाइल’ बदलून ताकद वाढवणं), ओपन कोन फिल्टर (उघडा एअर फिल्टर) आणि मोठा डाउनपाइप (टर्बोमधून धूर बाहेर नेणारा पाइप) ही तिन्ही कामं एकाच दिवशी करून घेतलीत. हिवाळ्यात गाडी झकास पळाली. मार्चपासून मात्र साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाट लागला, की चौथ्या गिअरला १८०० ते २२०० आरपीएमच्या दरम्यान पाय दाबल्यावर पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज येतो. ट्यूनर म्हणतो ऑक्टेन (पेट्रोल आपोआप पेटण्याला किती विरोध करतं त्याचा आकडा) वाढवणारं बूस्टर टाका. ओळखीचा मेकॅनिक म्हणतो टपेट (व्हॉल्व्ह दाबणारा भाग) वाजतंय. आणि तुम्ही विचारताय, रीमॅप काढून टाकू, की इंजिन उघडावं लागेल?

आधी आजचं सांगतो. इंजिन उघडू नका, बूस्टरवर पैसे घालू नका, आणि निदान होईपर्यंत गाडी मूळ फाइलवर परत न्या. बहुतेक ट्यूनर मूळ फाइल जपून ठेवतात, ती मागून घ्या. ते लगेच होत नसेल तर घाटात तिसरा गिअर टाका, आरपीएम अडीच हजारांच्या वर ठेवा आणि पाय हलका ठेवा. हा आवाज काय आहे हे कळेपर्यंत खालच्या आरपीएमवर फुल ॲक्सिलरेटर देणं पूर्ण बंद.

आता मुळाकडे येतो. कोल्हापुरात उद्यमनगरला माझं वर्कशॉप आहे. बावीस वर्षं इंजिनकाम करतोय, त्यातली शेवटची दहा-अकरा वर्षं टर्बो पेट्रोल गाड्यांचं काम जास्त. ‘रीमॅपमुळे इंजिन ठोकतंय’ म्हणून येणाऱ्या गाड्यांत निव्वळ फाइल खराब आहे असं फार थोड्या वेळा निघतं. बहुतेक वेळा गाडीत एखादी बारीक खोट आधीपासून असते, किंवा पार्ट बसवताना झालेली असते, आणि मूळ फाइलवर ती जाणवतच नसते. कंपनी ही गाडी विकताना धरून चालते, की कोणी ९१ ऑक्टेनचं पेट्रोल टाकेल, कोणी मे महिन्यात नागपूरच्या उन्हात एसी लावून चार माणसं बसवून चढ चढेल, कोणी प्लग वेळेवर बदलणार नाही. या सगळ्यासाठी टायमिंग (ठिणगी किती आधी पडते ते) आणि बूस्टमध्ये (टर्बोने भरलेल्या हवेच्या दाबात) शिल्लक ठेवलेली असते. रीमॅप ती शिल्लक वापरतो. तुमच्या गाडीचा मूळ टॉर्क १७५ न्यूटन मीटर. ट्यूनरने २३० सांगितलाय, तो खरा धरला तर त्याच पिस्टनवर, त्याच रिंगांवर तीस टक्क्यांहून जास्त भार आला. शिल्लक संपली की आधी झाकलेली खोट उघडी पडते. म्हणून ‘रीमॅप चांगला की वाईट’ यापेक्षा ‘या गाडीत कोणती खोट झाकलेली होती’ हा प्रश्न तुमच्या कामाचा आहे. ती न शोधता फाइल काढून टाकली तर आवाज जाईल, पण खोट तशीच राहील.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला इथून दिसत नाहीत. फाइल तुमच्या गाडीवर लॉग (गाडी पळताना ईसीयूतल्या आकड्यांची नोंद) घेऊन बनवली की तयार आणून टाकली, पेट्रोल कुठलं टाकता, ऑइल कुठलं आणि किती जुनं, डाउनपाइप बसवताना काय-काय सोडलं होतं, यावर उत्तर बदलतं. त्यामुळे खाली मी निष्कर्षापेक्षा निष्कर्षाला पोचायची वाट जास्त सांगणार आहे.

नॉकिंग म्हणजे नेमकं काय होतं? प्लगने ठिणगी दिली की ज्योत मधून कडेकडे पसरत जाते. कडेला उरलेलं न जळलेलं मिश्रण तोवर दाबलं जातं आणि तापत राहतं. ज्योत पोचायच्या आत ते आपोआप पेटलं, तर सगळं एकदम पेटतं आणि दाबाची लाट सिलिंडरच्या भिंतींवर आपटत राहते. तो टणत्कार आपल्याला ऐकू येतो. लाटेची पट्टी सिलिंडरच्या व्यासावर ठरते. तुमच्या इंजिनाचा बोअर ७४.५ मिलीमीटर, म्हणजे साधारण ७.७ किलोहर्ट्झ. नॉक सेन्सर याच पट्टीच्या आसपास कान लावून असतो. नुकसान आवाजाने होत नाही, उष्णतेने होतं. पिस्टनच्या माथ्यावर आणि भिंतींवर तुलनेने गार वायूचा पातळ थर असतो, तो ॲल्युमिनियमला वाचवत असतो. ही लाट तो थर खरवडून काढते आणि आगीची धग थेट धातूला लागते.

आता तुमच्यासारख्या तक्रारीत तीन वेगळ्या गोष्टी एकाच नावाने सांगितल्या जातात आणि तिथेच घोळ होतो. पहिली, वर सांगितलं ते ठिणगीनंतरचं नॉकिंग. टायमिंग मागे घेतलं, मिश्रण गार केलं किंवा चांगलं पेट्रोल टाकलं की ते कमी होतं. दुसरी, प्री-इग्निशन. यात ठिणगीच्या आधीच कुठल्यातरी तापलेल्या कणामुळे किंवा ऑइलच्या थेंबामुळे मिश्रण पेटतं. इथे टायमिंग मागे घेऊन काही उपयोग नाही, कारण आग ठिणगीची वाट बघतच नाही. तिसरी, जळण्याशी संबंधच नसलेला आवाज: कुठला तरी पत्रा, गळणारं गॅस्केट, सबफ्रेमला (इंजिनाखालच्या लोखंडी चौकटीला) टेकलेला पाइप. तिन्हींचे उपाय वेगळे, आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर केला तर वेळ आणि पैसे दोन्ही जातात.

तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण ते तपासायला सगळ्यात स्वस्त आहे आणि तुमच्या गाडीचा डाउनपाइप बदललेला आहे. टर्बो आणि डाउनपाइपच्या जोडावर गॅस्केट नीट बसलं नसेल तर भार आला की तिथून धूर फटफटत बाहेर पडतो. तो आवाज नॉकिंगच्या इतका जवळचा असतो की अनुभवी माणूसही फसतो, कारण दोन्ही भाराबरोबर वाढतात. ओळखायचं असं: गाडी रात्रभर गार होऊ द्या, हीट शील्ड काढा, टॉर्च घेऊन जोडाभोवती बघा. गळती असेल तर फ्लँजच्या कडेला काजळाचं बोट ओढल्यासारखी काळी रेघ दिसते. दिसली नाही तर शॉप व्हॅक्यूमची फुंकणारी बाजू सायलेन्सरच्या टोकाला कापडाने घट्ट धरून जोडावर साबणाचं पाणी मारा. बुडबुडे आले तर चोर सापडला. त्याच वेळी डाउनपाइपला हाताने जोर देऊन हलवून बघा. इंजिन भाराखाली पाच-दहा मिलीमीटर तिरकं होतं, तेव्हा उभ्या गाडीत मोकळा दिसणारा पाइप घाटात सबफ्रेमला टेकतो. टेकत असेल तर त्या जागी रंग घासून चकाकी आलेली असते.

टपेटचं म्हणाल तर या इंजिनात व्हॉल्व्हची फट जुळवणारे लॅश ॲडजस्टर हायड्रॉलिक आहेत, हाताने सेट करायचे टपेट नाहीत. ते वाजले तर गार सुरू करताना आणि आयडलला वाजतील. फक्त चढावर, फक्त ठरावीक आरपीएमला नाही. बिग एंड बेअरिंगचा (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाच्या बेअरिंगचा) आवाज खोल असतो, हातोडीने लाकडावर ठोकल्यासारखा, आणि खडे हलवल्यासारखा बारीक कधीच नसतो. तुम्ही केलेलं वर्णन या दोन्हीशी जुळत नाही.

आवाजाचं हे इतकंच. यापुढे कानावर विसंबू नका, लॉग घ्या. ओबीडीइलेव्हन किंवा व्हीसीडीएस (फोक्सवॅगनच्या गाड्यांसाठीचे स्कॅनर) चालेल, साधा ब्लूटूथ स्कॅनर सहसा पुरत नाही, कारण सिलिंडरवार आकडे त्यात मिळत नाहीत. मी पुढचे आकडे एकत्र लॉग करतो: आरपीएम, बूस्टचा मागितलेला आणि प्रत्यक्ष दाब, इनटेक मॅनिफोल्डमधल्या (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या भागातल्या) हवेचं तापमान, लॅम्ब्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण), फ्युएल रेलचा मागितलेला आणि प्रत्यक्ष दाब, ठिणगीचं टायमिंग, आणि प्रत्येक सिलिंडरला टायमिंग किती अंश मागे घेतलंय ते. चाचणी एकच: तिसरा गिअर, १८०० ते ५५०० आरपीएम, पाय पूर्ण दाबून, लागोपाठ तीनदा. हे सार्वजनिक रस्त्यावर करू नका. पुण्या-मुंबईकडे चांगले डायनो (गाडी रोलरवर जागच्या जागी पळवून ताकद मोजायची यंत्रं) आहेत, एका तासाचे पैसे द्या. असे तीन पुल (पाय पूर्ण दाबून घेतलेली एक धाव म्हणजे एक पुल) घ्यायला सांगतो त्याला कारण आहे. पहिल्या पुलात इंजिन गार असतं आणि सगळं सुरळीत दिसतं. खोट तिसऱ्यात बाहेर येते.

आकडे वाचताना माझा ठोकताळा असा. एखाद्या सिलिंडरला क्षणभर दोन-तीन अंश मागे जाऊन परत आलं तर ते रोजचं आहे, ईसीयू त्याचं काम करतोय. सगळ्या सिलिंडरना सारखंच पाच-सहा अंश मागे जात असेल, तर कारण सगळ्यांना समान आहे: पेट्रोल, हवेचं तापमान, किंवा फाइलमधलं जास्तीचं टायमिंग. एकाच सिलिंडरला सात-आठ अंश जात असेल आणि बाकी दोन शांत असतील तर कारण त्या सिलिंडरपुरतं आहे: प्लग, इंजेक्टर, कार्बन, किंवा त्याच बाजूला लागून आवाज करणारी काही वस्तू. ही एक विभागणी केली की अर्धं काम संपतं. आणि टायमिंग अजिबात मागे जात नाही, तरी आवाज येतोय, तर वर सांगितलेल्या गॅस्केटकडे परत जा. एकदम एकाच क्षणी मोठा टोला पडतो आणि पुढे-मागे काहीच नाही, असं दिसलं तर प्री-इग्निशनचा संशय घ्या.

इथे एक गाडी सांगतो, कारण तुमची लक्षणं वाचून मला तीच आठवली. तुमचंच इंजिन, वेगळी गाडी. मालकाने दोन ठिकाणी तीनदा फाइल बदलून घेतली होती. दर वेळी टायमिंग थोडं कमी केलं, दर वेळी गाडी थोडी मंद झाली, आणि गरम दिवसात आवाज होताच. माझ्याकडे आली त्या दुपारी बाहेर ३३ अंश होते. पहिल्या पुलात मॅनिफोल्डमधली हवा ५१, दुसऱ्यात ६४, तिसऱ्यात ७८ अंश. तिन्ही सिलिंडर सारखेच मागे. त्या गाडीत इंटरकूलर (टर्बोने तापवलेली हवा गार करणारा भाग) समोर जाळीमागे नव्हता, इनटेक मॅनिफोल्डमध्येच बसवलेला होता, आणि तो कूलंटवर चालत होता. त्यासाठी वेगळं कमी तापमानाचं सर्किट होतं, छोटा रेडिएटर होता आणि विजेवर चालणारा पंप होता. स्कॅनरवरून पंप चालू केला आणि होजवर हात ठेवला. पंपाची थरथर हाताला लागत होती, पण एक होज चांगला गरम आणि दुसरा जेमतेम कोमट. पाणी फिरतच नव्हतं. कुठल्यातरी कामात कूलंट काढून परत भरताना त्या सर्किटमध्ये हवा अडकली होती. पंप बिचारा हवेतच फिरत होता. व्हॅक्यूम फिलर लावून कूलंट पुन्हा भरलं, अर्ध्या तासाचं काम. तिसऱ्या पुलात ४९ अंश आले. शेवटी टायमिंग परत वाढवून घ्यावं लागलं, कारण फाइल उगाचच तीनदा कापली गेली होती. मालकाचा सहा महिन्यांचा मनस्ताप आणि तीन फायलींचे पैसे, आणि कारण हवेचा बुडबुडा. त्या दिवसापासून या इंजिनावर फाइलला हात लावण्याआधी मी हे दोन होज हाताने तपासतो. तुमचा डाउनपाइप बसवताना टर्बोचं कूलंट सोडलं होतं का, एवढं त्या माणसाला जरूर विचारा.

हवेचं तापमान वाढायचं दुसरं कारण तुमचा ओपन कोन फिल्टर. बोनेटखाली उघडा बसवलेला कोन गाडी हळू चालली की इंजिनाचीच गरम हवा ओढतो, आणि घाटात ट्रकमागे अडकलं की नेमकं हेच होतं. कंपनीचा एअरबॉक्स समोरून बाहेरची हवा घेतो. स्टेज वनच्या ताकदीला तो पुरतो, हे मी डायनोवर बऱ्याच वेळा बघितलंय. मूळ एअरबॉक्स घरात पडलेला असेल तर आजच परत बसवा. एक पैसा न घालवता एक शंका मिटते.

आता पेट्रोल. आपल्याकडे पंपावर लिहिलेला आकडा आरओएन (रिसर्च ऑक्टेन नंबर) पद्धतीचा असतो, अमेरिकेत पंपावर वेगळ्या पद्धतीचा आकडा असतो. तिथलं ९३ म्हणजे आपल्या मोजणीत साधारण ९८, आणि आपलं ९१ म्हणजे तिथलं जवळजवळ ८७. हा फरक लक्षात न घेता बाहेरून आणलेली ‘९३ ऑक्टेनची’ फाइल ९५ चं पेट्रोल टाकणाऱ्याच्या गाडीत गेलेली मी पाहिली आहे. ट्यूनरला थेट विचारा: ही फाइल किती आरओएनला बनवली आहे? युरोपातली बहुतेक फाइल ९५ किंवा ९८ वर असते. ९८ ची असेल आणि तुम्ही साधं पेट्रोल टाकत असाल तर हिवाळ्यात चालून गेलं आणि मार्चमध्ये आवाज आला, हे अगदी अपेक्षित आहे.

इथेनॉलवर खापर फोडायची सध्या पद्धत पडली आहे. त्याच्या बाकी तक्रारी असतील, पण नॉकिंगच्या बाबतीत इथेनॉल मदतच करतं. त्याचा स्वतःचा ऑक्टेन शंभराच्या वर आहे आणि वाफ होताना ते मिश्रण चांगलं गार करतं. अडचण तेव्हा होते, जेव्हा गाडी दोन-तीन महिने अर्ध्या टाकीवर उभी राहते आणि टाकीत दमट हवेतलं पाणी जातं. पाणी जास्त झालं की इथेनॉल त्याच्याबरोबर खाली बसतं आणि वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन पडतो. तुमची गाडी रोज चालते, तेव्हा हे सोडून द्या.

ऑक्टेन बूस्टरला मी नाही का म्हणतो ते सांगतो. बाटलीवर ‘३० पॉइंट वाढ’ असं लिहिलेलं असतं. त्या भाषेत दहा पॉइंट म्हणजे एक ऑक्टेन. म्हणजे सगळं खरं धरलं तरी ९१ चं ९४ होतं, आणि त्या पैशात पंपावर ९५ चं पेट्रोल सरळ मिळतं. शिवाय अनेक बूस्टरमध्ये मँगनीजचं संयुग असतं, त्याने प्लगच्या चिनी मातीवर विटकरी रंगाची पुटं चढतात. पुढे प्लग बघून निदान करायचं तर ती पुटं सगळं झाकून टाकतात.

पेट्रोलचा उपयोग मी औषध म्हणून नाही, चाचणी म्हणून करतो. ही चाचणी तुम्हालाही करता येईल. टाकी लाल दिव्यापर्यंत आणा, मग १०० ऑक्टेनचं पेट्रोल दहा-पंधरा लिटर भरा. इंडियन ऑइलचं एक्सपी १०० डिसेंबर २०२० पासून आलंय आणि मुंबई-पुण्यात मिळतं. तीस-चाळीस किलोमीटर शांत चालवा, म्हणजे ईसीयूला जुन्या पेट्रोलवरचं शिकलेलं सोडायला वेळ मिळेल. मग तोच पुल, त्याच वेळी, तेवढ्याच तापमानाला. टायमिंग मागे जाणं जवळजवळ थांबलं, तर ते खरं नॉकिंग होतं आणि पेट्रोल, उष्णता किंवा फाइल यांच्यातच कारण आहे. काहीच फरक पडला नाही, तर ईसीयू नॉकिंग ऐकत नाहीये, दुसराच आवाज ऐकतोय. पेट्रोल बदलल्याने टेकलेला पाइप शांत होत नाही. थोडं कमी झालं, तर सहसा दोन कारणं एकावर एक बसलेली असतात, आणि मग पुन्हा हवेचं तापमान बघायचं. ही एक चाचणी माझ्या मते बाकी दहा तर्कांपेक्षा मोलाची आहे.

आता ज्याची मला तुमच्या बाबतीत सगळ्यात जास्त काळजी वाटते ते. १८०० ते २२०० आरपीएम, चौथा गिअर, चढ, पाय पूर्ण दाबलेला. छोट्या थेट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनात कमी वेगाचं प्री-इग्निशन होण्याची हीच जागा. पिस्टन हळू चालतोय, बूस्ट पूर्ण आलाय, दाब शिगेला आहे आणि मिश्रणाला पेटायला भरपूर वेळ आहे. अशा वेळी रिंगांमागून आलेला ऑइल-पेट्रोलचा एखादा थेंब किंवा कार्बनचा कण ठिणगीच्या आधी पेट घेतो. साधं नॉकिंग महिनोन्महिने कुरतडतं. हे मात्र एका टोल्यात पिस्टनच्या दोन रिंगांमधला कठडा तोडू शकतं. रीमॅपने टॉर्क नेमका याच आरपीएमला सगळ्यात जास्त वाढलेला असतो, कारण गाडी चालवून बघताना ‘पिकअप’ तिथेच जाणवतो. जाणता ट्यूनर २५०० च्या खाली बूस्ट मुद्दाम धरून ठेवतो. तुमच्याने ठेवलाय का, हे लॉगमधल्या बूस्टच्या आकड्यावरून कळेल.

यात ऑइलचा वाटा मोठा आहे. ऑइलमधल्या डिटर्जंटमध्ये कॅल्शियम जास्त असेल तर असं प्री-इग्निशन वाढतं, हे ऑइल बनवणाऱ्यांनाही कळलं, आणि म्हणून २०२० मध्ये आलेल्या एपीआय एसपी दर्जात याची वेगळी चाचणी घातली गेली. तुमच्या मॅन्युअलमध्ये कंपनीचा जो नंबर दिलाय तो जुळणारं आणि सोबत एपीआय एसपी लिहिलेलं ऑइल घ्या. रीमॅपवर मी पंधरा हजारांची वाट बघत नाही, सात-आठ हजारांना बदलतो. आणि ऑइल कितीही चांगलं असलं तरी गिअर खाली घ्यायची सवय लावावीच लागते. हा बदल फुकट आहे आणि मी पाहिलेल्या इंजिनांत सर्वात जास्त पिस्टन यानेच वाचलेत.

लॉग घ्यायला जाण्याआधी प्लग काढून बघा. तीनच आहेत, अर्ध्या तासाचं काम, इंजिन पूर्ण गार असताना. कुठला प्लग कुठल्या सिलिंडरचा ते लिहून ठेवा. मी दहापट भिंगाखाली, खिडकीच्या उजेडात बघतो. पांढऱ्या चिनी मातीवर मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे ठिपके असतील तर नॉकिंग झालंय. त्यात चंदेरी, चमकणारे बारीक गोळे दिसले तर तो पिस्टनचा ॲल्युमिनियम आहे, वितळून उडालेला. चिनी मातीला तडा गेला असेल किंवा टोकाचा टवका उडाला असेल तर टोला मोठा होता. बाहेरच्या वाकड्या इलेक्ट्रोडवर रंग बदलल्याची एक रेघ असते. ती रेघ वळणाच्या पार खाली, थ्रेडपर्यंत सरकली असेल तर प्लग जास्त तापतोय, एक पायरी गार प्लग लागेल. ४८ हजारांचे मूळ प्लग अजून आत असतील तर काही न दिसलं तरी बदला. आणि बसवताना टॉर्क रेंच वापरा. ढिला प्लग आपली उष्णता सिलिंडर हेडला देऊ शकत नाही, स्वतःच तापून लाल होतो आणि ठिणगीशिवाय मिश्रण पेटवतो. वर्कशॉपमधल्या घाईने झालेलं हे प्री-इग्निशन मी माझ्या स्वतःच्या हाताखालच्या कामात एकदा पाहिलं आहे आणि तेव्हापासून हाताच्या अंदाजाने प्लग आवळणं बंद केलं.

नॉक सेन्सरबद्दल दोन शब्द. तो ब्लॉकला एका बोल्टने दाबून धरलेला पिझो स्फटिक आहे आणि तो बोल्ट साधारण २० न्यूटन मीटरलाच आवळायचा असतो. कमी आवळला तर ऐकू येत नाही, जास्त आवळला तर आवाज बिघडतो. खाली रंग, गंज किंवा वॉशर नको. कुणी काढून बसवला असेल तर तपासून घ्या. आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो: ‘सेन्सर जास्त संवेदनशील आहे, फाइलमध्ये कमी करून देतो’ असं कोणी म्हणालं तर त्या माणसाकडून गाडी लगेच बाहेर काढा. आवाज खोटा असेल तर आवाजाचं मूळ काढायचं, कान कापायचे नाहीत. अशा एका गाडीचं इंजिन मी उघडलं आहे. दुसऱ्या पिस्टनची कड वाळूने घासल्यासारखी खरबरीत झाली होती, रिंगेचा कठडा तुटून सिलिंडरच्या भिंतीवर बोटाला लागेल एवढा ओरखडा पडला होता. ईसीयूला शेवटपर्यंत काही ऐकूच आलं नव्हतं.

तर तुमच्या गाडीपुरता क्रम असा लावा. मूळ फाइल आणि मूळ एअरबॉक्स परत. डाउनपाइपचा जोड आणि टेकणारी जागा बघणं. तुमचा इंटरकूलरही कूलंटवरचा असेल, तर त्याच्या सर्किटमधली हवा काढणं. नवे प्लग, नवं ऑइल. मूळ फाइलवर तीन पुलांचा लॉग, आणि तो स्वच्छ असेल तरच रीमॅप पुन्हा टाकून तोच लॉग. एका वेळी एकच बदल, प्रत्येकानंतर लॉग. तुमची मूळ चूक कुठे झाली असेल तर ती तीन गोष्टी एका दिवशी बसवण्यात, कारण त्यामुळे कुठल्या बदलाने काय झालं हे सांगायला आज कोणाकडेच पुरावा नाही. मूळ फाइलवरही टायमिंग मागे जात असेल तर खोट गाडीत आहे आणि ट्यूनरशी भांडून उपयोग नाही. मूळ फाइल स्वच्छ आणि रीमॅपवर तिन्ही सिलिंडर मागे, तर ट्यूनरला लॉग दाखवा आणि २५०० च्या खालचा बूस्ट आणि टायमिंग कमी करून मागा. लॉग न बघता ‘सगळ्यांचं असंच असतं’ म्हणणाऱ्याला पुन्हा गाडी देऊ नका.

मला विचाराल तर माझा अंदाज निम्मा-निम्मा आहे: गरम हवा आणि खालच्या आरपीएमला जास्त बूस्ट. पण हा अंदाजच आहे, लॉगने तो खोटा ठरवला तर मला आनंदच होईल. डाउनपाइपमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) काढलेला असेल तर त्याचा नॉकिंगशी फारसा संबंध नाही, पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये असा बदल बसत नाही आणि विम्याच्या दाव्यात तो तुमच्यावर उलटू शकतो, म्हणून मूळ डाउनपाइप विकू नका.

प्लग काढल्यावर चंदेरी ठिपके दिसले, तर मात्र वरचा क्रम बाजूला ठेवा. गाडी सुरू करू नका, डायनोला चालवत नेऊ नका. प्लगच्या भोकातून बोरोस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) घालून तिन्ही पिस्टनच्या कडा बघा, मग प्रत्येक सिलिंडरची कॉम्प्रेशन (किती दाब बनतो) आणि लीक-डाउन (किती दाब गळतो) चाचणी करा. तिन्ही आकडे एकमेकांच्या जवळ असतील तर इंजिन वाचलंय. एकाचा आकडा वेगळा पडत असेल तर फ्लॅटबेड बोलवा आणि गाडी तशीच उचलून न्या.